य = ३ ही रेषा आडवी कशी?

प्रश्न

माझी मुलगी मराठी माध्यमात नववीला आहे. निर्देशक भूमिती शिकताना तिने विचारले, की य = ३ या समीकरणात क्ष कुठेच नाही, मग ती रेषा क्ष-अक्षाला समांतर कशी? त्याहून अवघड म्हणजे खुद्द क्ष-अक्षाचे समीकरण य = ० आहे. समीकरणात ज्या अक्षराचे नाव आहे त्याच अक्षाच्या दिशेने रेषा जायला हवी, असे तिला वाटते. नियम पाठ करून घेता येईल. परंतु मला तिला कारण सांगायचे आहे. शिवाय आडव्या रेषेचा चढ शून्य असतो आणि उभ्या रेषेचा चढ ठरवताच येत नाही, यातील फरकही कृपया समजावून सांगावा.

उत्तर १

समीकरण रेषेची दिशा सांगत नाही. रेषेवरील प्रत्येक बिंदूने पाळायची अट सांगते. बिंदूचा य-निर्देशक म्हणजे तो बिंदू क्ष-अक्षापासून किती वर किंवा खाली आहे याचे माप. त्यामुळे य = ३ याचा अर्थ ‘क्ष-अक्षाच्या ३ एकक वर असलेले सर्व बिंदू’ असा होतो आणि जी रेषा अक्षापासून सर्वत्र सारख्याच अंतरावर राहते ती त्याला समांतरच असणार. क्ष समीकरणात नाही, कारण त्याच्यावर कोणतेही बंधन नाही: (−२, ३), (०, ३), (५, ३) हे सगळे बिंदू चालतात. आता क्ष-अक्षावरील बिंदू स्वतः त्या अक्षापासून किती अंतरावर आहेत? शून्य. म्हणून त्याचे समीकरण य = ०. रेषा आखण्यापूर्वी मुलीला असे चार-पाच बिंदू आलेख कागदावर स्वतः मांडू द्यावेत.

उत्तर २

चढाबद्दल. य-निर्देशकांतील फरकाला क्ष-निर्देशकांतील फरकाने भागले की चढ मिळतो. (१, ३) आणि (५, ३) या बिंदूंसाठी ० ÷ ४ = ०, आणि ही एक निश्चित संख्या आहे. (२, १) आणि (२, ६) घेतले तर ५ ÷ ० करावे लागते, आणि शून्याने भागाकार करता येत नाही.

उत्तर ३

वरील दोन्ही उत्तरे योग्य आहेत. मात्र मुले आलेखातील आडवी रेषा पाहून ‘इथे काहीच घडत नाही’ असा अर्थ लावतात, आणि माझ्या मते खरी अडचण तिथे आहे. आडवी रेषा एवढेच सांगते, की उभ्या अक्षावरील राशी बदलत नाही. म्हणून ती राशी कोणती, हे आधी वाचले पाहिजे. अंतर-काल आलेखात आडवी रेषा म्हणजे वस्तू स्थिर आहे, तर वेग-काल आलेखात तीच रेषा वस्तू एकसमान वेगाने जात असल्याचे दाखवते. बर्फाला सतत उष्णता देत तापमान-काल आलेख काढला, तर सर्व बर्फ वितळेपर्यंत रेषा ०° सेल्सिअसवर आडवी राहते, आणि पुढे सामान्य दाबाखाली १००° ला पाणी उकळताना पुन्हा आडवी होते. या काळात प्रत्येक ग्रॅम बर्फ वितळण्यासाठी सुमारे ८० कॅलरी आणि प्रत्येक ग्रॅम पाण्याची वाफ होण्यासाठी सुमारे ५४० कॅलरी उष्णता खर्ची पडत असते, फक्त तापमापीला ती दिसत नाही.

आणखी एक खबरदारी: वर्तमानपत्रांतील आलेखांत तळाची आडवी रेषा नेहमीच य = ० असते असे नाही. प्रमाण ५० पासून सुरू केले असेल, तर ती रेषा य = ५० असते, आणि लहानसा फरकही मोठा भासतो.

प्रश्नकर्त्याचा प्रतिसाद

‘अंतराची अट’ तिला लगेच पटली. आता तिचा पुढचा प्रश्न: य = ३ नेहमी रेषाच असते का?

उत्तर १ देणाऱ्यांचे उत्तर

नाही. फक्त संख्यारेषा घेतली तर तो एकच बिंदू असतो, प्रतलात ती रेषा होते, आणि तीन अक्ष घेतले तर क्ष व झ दोघेही मोकळे राहतात, त्यामुळे संपूर्ण प्रतल मिळते.