पासवर्ड न विचारताच बूट अडकतंय (मिंट २२, एन्क्रिप्टेड डिस्क)

मंडळी, मदत हवी आहे. विंडोज ११ च्या शेजारी लिनक्स मिंट २२ ही दुसरी ऑपरेटिंग सिस्टिम टाकलीय. स्वारगेटला एका सहकाऱ्याची सॅक लॅपटॉपसकट गेली, तेव्हापासून डिस्क एन्क्रिप्ट (पासवर्डशिवाय वाचता न येणारी) असल्याशिवाय क्लायंटचं काम घरी न्यायला बंदी आहे, म्हणून हा खटाटोप.

इन्स्टॉलरमधला एन्क्रिप्शनचा सोपा पर्याय अख्खी डिस्क पुसतो. विंडोज घालवता येत नाही, हिशेबाचं टॅली सॉफ्टवेअर तिकडे आहे. त्यामुळे लाइव्ह पेनड्राइव्हवरून टर्मिनलमध्ये हातानेच लक्स (लिनक्सचं एन्क्रिप्शन) पार्टिशन केलं, आत एलव्हीएम (जागेचे भाग पाडणारी सोय), त्यावर रूट (मुख्य सिस्टिम) आणि स्वॅप (रॅमला जोड). बूट पार्टिशन वेगळं, एन्क्रिप्शन नसलेलं साधं एक्स्ट४. इन्स्टॉल विनातक्रार झालं.

आता ग्रब (कुठली सिस्टिम सुरू करायची ते विचारणारा मेन्यू) येतो, मिंट निवडता येतं, लोगो बराच वेळ रेंगाळतो आणि मग काळ्या पडद्यावर थेट इनिट्रॅमएफएसचा (मुख्य सिस्टिमच्या आधी चालणाऱ्या छोट्या तात्पुरत्या सिस्टिमचा) प्रॉम्प्ट. पासवर्ड एकदाही विचारत नाही! लाइव्हमध्ये तोच पासवर्ड चालतो, फायलीही दिसतात. सिक्युअर बूट (फक्त सही तपासलेलं सॉफ्टवेअरच सुरू होऊ देणारी सोय) बंद करून पाहिलं, फरक शून्य. ग्रब पुन्हा बसवू का?

प्रतिसाद: ग्रबला हात लावू नका, तो बिचारा त्याचं काम चोख करतोय. कर्नल (लिनक्सचा गाभा) लोड होतोय, पण कुठलं पार्टिशन उघडायचं हे इनिट्रॅमएफएसला कोणी सांगितलेलंच नाही. हाताने केलेल्या लक्सची नोंद हा इन्स्टॉलर क्रिप्टटॅबमध्ये (एन्क्रिप्टेड पार्टिशनांची यादी असलेल्या फाइलमध्ये) करत नाही.

लाइव्हवरून पार्टिशन उघडा, रूट आणि बूट माउंट करा, डेव्ह-प्रॉक-सिस हे फोल्डर त्यात बाइंड करून (जोडून) क्रूट करा, म्हणजे लाइव्हमधूनच इन्स्टॉल केलेल्या मिंटच्या आत शिरा. क्रिप्टटॅबमध्ये एकच ओळ लागते: मॅपरचं नाव (उघडलेल्या पार्टिशनला दिलेलं), यूयूआयडी (पार्टिशनचा ओळख क्रमांक), मग नन आणि लक्स हे दोन शब्द. यूयूआयडी मूळ पार्टिशनचा हवा, ब्लकआयडी ही कमांड ज्याचा प्रकार क्रिप्टो-लक्स दाखवतं तो. आतल्या एलव्हीएमचा टाकलात तर पुन्हा त्याच प्रॉम्प्टवर याल. आणि लाइव्हमध्ये उघडताना जे नाव दिलंत तेच ओळीत लिहा, नाहीतर नुसती वॉर्निंग येते आणि ती कोणी वाचत नाही. क्रिप्टसेटअप-इनिट्रॅमएफएस पॅकेज आहे ना बघा, मग सगळ्या कर्नलसाठी अपडेट-इनिट्रॅमएफएस चालवा, म्हणजे ही नोंद इनिट्रॅमएफएसमध्ये जाईल.

धागाकर्ता: विचारला! पासवर्ड विचारला, मिंट सुरू झालं. खूप आभार. पण आता विंडोज निळ्या पडद्यावर ४८ आकडी रिकव्हरी की मागतंय. हे काय नवीन?

प्रतिसाद: बिटलॉकर आहे तो, विंडोजचं स्वतःचं डिस्क एन्क्रिप्शन. सिक्युअर बूट बंद केलंत म्हणून त्याला संशय आलाय. परत चालू करा, मिंटला त्याचं वावडं नाही. तरी मागितली तर मायक्रोसॉफ्ट खात्यात की बहुधा ठेवलेली असते, मोबाइलवरून लॉगिन करून बघा.