एकटा पडलेला बजी आणि गॅलरीतल्या चिमण्या

चौथा_मजला_डोंबिवली:
आमच्याकडे बजींची, म्हणजे छोट्या रंगीत पोपटांची जोडी होती. त्यातली मादी श्रावणात गेली. अंडं अडकलं होतं, डॉक्टरकडे नेईपर्यंत उशीर झाला. मागे राहिला पिट्टू, तीन वर्षांचा, नाकावर निळा पट्टा. दोन दिवस तो अंडी घालायच्या रिकाम्या मडक्यात डोकं घालून बघायचा, मग मी मडकंच काढून टाकलं.

आता त्याला चिमण्यांचा नाद लागलाय. तो राळे सोलतो, टरफलं उडून गॅलरीत पडतात, त्यातले अख्खे दाणे टिपायला सकाळी सातच्या सुमारास पाच-सहा चिमण्या ग्रीलवर येतात. हा पिंजऱ्याच्या जाळीला लटकून चक्क चिव चिव करतो! हुबेहूब. सासूबाई फसून दोनदा उठून बघायला गेल्या. चिमण्या उडाल्या की पंख फुगवून कोपऱ्यात बसतो. ते बघवत नाही.

पक्षीवाला म्हणतो, एक लव्हबर्ड घेऊन जा. दीर म्हणतात, गावाहून पोपटाचं पिल्लू आणतो. काय करू?

जुना_पिंजरा:
ताई, आधी पक्षीवाल्याला विचारा, लव्हबर्ड म्हणजे नक्की काय देणार? आपल्याकडे निम्मी दुकानं बजीलाच लव्हबर्ड म्हणतात. तो बजी असेल तर खुशाल घ्या. खरा आफ्रिकन लव्हबर्ड असेल तर अजिबात नको. मी तो शहाणपणा केलाय. दोघांना शेजारशेजारच्या पिंजऱ्यांत ठेवलं होतं, एकत्रही नाही. बजी गंमत म्हणून मधल्या जाळीला लटकला आणि पलीकडून त्याचं बोट गेलं. अर्धा सेकंद. पुढची सहा वर्षं त्या पायाच्या तीनच बोटांवर बसायचा.

कॉकाटिएल, म्हणजे तो तुरेवाला पोपट, त्या मानाने गरीब. दोघंही मूळचे ऑस्ट्रेलियाचे, खाणंही बरंचसं सारखं. पण माझ्याकडे उलटंच झालं: नव्वद ग्रॅमचा कॉकाटिएल पस्तीस ग्रॅमच्या बजीला भ्यायचा. बजी मागून जाऊन त्याची शेपटी ओढणार, तो बिचारा खाली उतरणार. दिवसा एका खोलीत मोकळे सोडा, रात्री पिंजरे वेगळे, खाण्याच्या वाट्या वेगळ्या. फिंच, म्हणजे ते चिमुकले दाणे खाणारे पक्षी, मात्र आणू नका, बजी त्यांना घरट्यातही सुखाने बसू देत नाही.

मला विचाराल तर दुसरा नरच आणा. दोन नर छान राहतात, एकमेकांना भरवतातसुद्धा. मादी आणलीत तर मडकं लावू नका, त्यानेच अंड्यांचा धडाका सुरू होतो. समुद्रफेस, म्हणजे ती पांढरी कॅल्शियमची वडी, पिंजऱ्यात कायम ठेवा.

सातपूरकर:
दीरांना आवरा. आपला हिरवा पोपट घरात पाळणं 1972 च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे, मुनियाचंही तेच. शिवाय त्या चोचीपुढे बजी म्हणजे शेंगदाणा.

जुना_पिंजरा:
एक राहिलंच. नवा पक्षी थेट पिंजऱ्यात सोडू नका, महिनाभर दुसऱ्या खोलीत. आवाज ऐकू येऊ दे, हवा आणि भांडी वेगळी. आणि चिमण्यांचं म्हणाल तर गप्पा चालू द्या, पण पिंजरा ग्रीलपासून दोन-तीन हात आत घ्या. त्यांची विष्ठा त्याच्या पाण्यात पडायला नको. कावळा येतो का तुमच्याकडे? जाळीला लटकलेला बजी त्याला बरोबर दिसतो.

चौथा_मजला_डोंबिवली:
येतो ना, मेला रोज येतो! आजच पिंजरा आत घेतला, पिट्टू संध्याकाळपर्यंत रुसून होता. चिमण्यांची वाटी ग्रीलच्या दुसऱ्या टोकाला लावलीय.
दीरांना फोन केला, ते म्हणाले गावात सगळेच पाळतात. मी म्हटलं पाळू देत. रविवारी नर बघायला जातेय. कोवळ्या पिल्लाचा नाकावरचा पट्टा कसा ओळखायचा? पक्षीवाला सगळ्यांनाच नर म्हणतो.

जुना_पिंजरा:
पिल्लाचा पट्टा सगळीकडून एकसारखा गुलाबी-जांभळा असेल तर बहुधा नर. नाकपुड्यांभोवती पांढुरकी कडी दिसली तर मादी. दुकानातल्या पिवळ्या बल्बखाली बघू नका, दारात उजेडात आणायला सांगा.

चौथा_मजला_डोंबिवली:
बरं. सासूबाईंना सोबत नेते, त्यांना घासाघीस चांगली जमते.