मदत हवी आहे : हार्ट अटॅकनंतर वनस्पतींतली संयुगं हृदयाचा स्नायू खरंच सुधारतात का?

नमस्कार मंडळी,

वडिलांना (वय ६८) मध्यंतरी हृदयविकाराचा झटका आला. एलएडी ही डावी पुढची धमनी पूर्ण बंद होती, आणि दवाखान्यात पोचेपर्यंत उशीर झाला होता. अँजिओप्लास्टी करून स्टेंट टाकला. आता घरी आहेत, पण टूडी इकोमध्ये (हृदयाच्या सोनोग्राफीत) इजेक्शन फ्रॅक्शन, म्हणजे दर ठोक्याला हृदय आतलं किती रक्त बाहेर टाकतं तो आकडा, ३५ टक्के आलंय. ॲस्पिरिन, टिकाग्रेलॉर, ॲटोरव्हास्टॅटिन, मेटोप्रोलॉल, रॅमिप्रिल आणि डॅपाग्लिफ्लोझिन चालू आहे. यातली एकही गोळी बंद करायची नाही, हे आधीच सांगते.

जवळची माणसं काळजीपोटी रोज काही ना काही सुचवतात: कर्क्युमिन, रेझवेराट्रॉल, क्वेर्सेटिन, बर्बेरिन. ‘मेलेला स्नायू पुन्हा जिवंत होतो’ असंही कुणी ठामपणे सांगतं. वडील माझ्याकडे बघतात आणि विचारतात, ‘मग घेऊ का?’ नुसतं ‘नको’ म्हणायला जीभ रेटत नाही, आणि ‘घ्या’ म्हणायला आधार सापडत नाही. म्हणून शोधनिबंध वाचायला घेतले. मी विज्ञान शाखेची असले तरी वैद्यकातली नाही.

मला समजलं ते असं. रक्त थांबलं की स्नायूपेशी मरायला लागतात. अडथळा काढून रक्त पुन्हा सुरू झालं की त्या पहिल्या काही मिनिटांत आणखी एक इजा होते: ऑक्सिजनच्या मुक्त मूलकांचा (पेशींना इजा करणाऱ्या अतिक्रियाशील कणांचा) लोंढा येतो, पेशीत कॅल्शियम साठतं, पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या मायटोकॉन्ड्रिया कोलमडतात. याला रिपरफ्यूजन इंज्युरी म्हणतात. वर सांगितलेली बरीच संयुगं नेमकी इथे काम करतात आणि उंदरांत मृत भाग लहान राहतो, असे निबंध भरपूर आहेत. पण प्रयोगाची पद्धत वाचली की मन खट्टू होतं. बऱ्याच ठिकाणी संयुग आधी देतात आणि धमनी नंतर बांधतात. उंदीर तरुण आणि निरोगी असतात. वडिलांच्या बाबतीत ती वेळ केव्हाच निघून गेली. आता तिथे व्रण तयार होतोय. माणसात हृदयाच्या स्नायूपेशी पंचविशीत वर्षाला साधारण १ टक्का आणि पंचाहत्तरीत अर्ध्या टक्क्याहूनही कमी बदलतात, असं २००९ च्या कार्बन-१४ वरच्या अभ्यासातून दिसलं होतं. मग व्रणाच्या जागी नवा स्नायू येणार तरी कुठून?

तर विचारायचं आहे ते हे, की झटका येऊन गेल्यावर सुरू केलेलं एखादं वनस्पतीजन्य संयुग माणसांवर नीट तपासलंय का? कोल्चिसिन या सूज कमी करणाऱ्या औषधाबद्दल वाचलं, पण एक चाचणी हो म्हणते आणि दुसरी नाही. ते कसं समजून घ्यायचं? आणि या गोळ्यांसोबत काय अजिबात घेऊ नये? एका नातेवाइकांनी आणून दिलेल्या कॅप्सूलच्या बाटलीवर नुसती वनस्पतींची नावं आहेत, प्रमाण कशाचंच नाही.

प्रतिसाद

ताई, मी औषधशास्त्रात काम करतो. ‘आधी दिलं की नंतर’ हा मुद्दा तुम्ही अचूक पकडलात. कर्क्युमिनची बायपासच्या १२१ रुग्णांवरची एक चाचणी आहे. तिच्यात रुग्णालयातले झटके कमी झाले, पण तिथेही कॅप्सूल शस्त्रक्रियेच्या तीन दिवस आधीपासून दिल्या होत्या. तयार झालेल्या व्रणाचा पुन्हा स्नायू करणारं एकही संयुग माणसात सिद्ध झालेलं नाही.

कोल्चिसिन मूळचं कोल्चिकम या वनस्पतीतलं; आपल्या कळलावीतही असतं. २०१९ च्या कोल्कॉट चाचणीत ४७४५ रुग्ण होते. झटक्यानंतर ३० दिवसांच्या आत रोज ०.५ मिलिग्रॅम सुरू केलं, तेव्हा पुढच्या घटना (नवा झटका, पक्षाघात, हृदयविकाराने मृत्यू वगैरे) ७.१ वरून ५.५ टक्क्यांवर आल्या. ही घट मुख्यतः पक्षाघात आणि अँजायनासाठी तातडीने भरती व्हावं लागण्यात होती. २०२४ मध्ये आलेल्या ७०६२ रुग्णांच्या क्लिअर चाचणीत मात्र फायदा दिसला नाही. दोन्हीकडे प्रश्न पुढच्या घटनांचा होता, मेलेल्या स्नायूचा नव्हे. विषारी मात्रा फार दूर नसते, त्यामुळे ते डॉक्टरांनी दिलं तरच.

एक गोष्ट वडिलांना जरूर सांगा. डॅपाग्लिफ्लोझिनचं मूळ फ्लोरिझिन या संयुगात आहे, आणि ते १८३५ मध्ये सफरचंदाच्या झाडाच्या सालीतून वेगळं केलं होतं. रसायनशास्त्रज्ञांनी त्यात बदल केले, मग २०१९ च्या चाचणीत कमी इजेक्शन फ्रॅक्शनच्या ४७४४ रुग्णांत हृदय निकामी होण्याचा त्रास बळावणं किंवा हृदयविकाराने मृत्यू, हे एकत्र धरून २६ टक्क्यांनी कमी झालं. म्हणजे वनस्पतीतून निघालेलं, तपासून घेतलेलं औषध ते रोज घेतच आहेत.

टाळायचं ते: सेंट जॉन्स वर्ट या वनस्पतीच्या अर्कामुळे टिकाग्रेलॉर रक्तात कमी पडू शकतं, म्हणजे स्टेंटलाच धोका. बर्बेरिनमुळे ॲटोरव्हास्टॅटिन वाढू शकतं. ज्येष्ठमधातलं ग्लिसिरायझिन मीठ-पाणी धरून ठेवतं, अशक्त हृदयाला ते झेपत नाही. लसूण आणि गिंको यांच्या तीव्र अर्कांनी ॲस्पिरिन आणि टिकाग्रेलॉर या दोन रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांसोबत रक्तस्रावाची भीती वाढते. त्या बाटलीवर काय काय लिहिलंय?

धागाकर्ती

मनापासून आभार. बाटलीवर ज्येष्ठमध आहे. बाजूला ठेवली, उद्या डॉक्टरांनाही दाखवते. सफरचंदाच्या सालीचं ऐकून वडिलांनी डॅपाग्लिफ्लोझिनचं पाकीट हातात घेऊन नीट बघितलं. अजून एक विचारू? पुढचा इको कधी करायचा?

प्रतिसाद

अवश्य. झटक्यानंतर निदान ४० दिवसांनी, आणि स्टेंट टाकलेला असेल तर साधारण तीन महिन्यांनी पुन्हा मोजतात. ३५ किंवा त्याखाली राहिलं तर आयसीडी (हृदयाचे जीवघेणे ठोके ओळखून शॉक देणारं, शरीरात बसवायचं यंत्र) बसवायचा का, हे तेव्हा ठरतं, म्हणून ती तारीख चुकवू नका. झटक्यानंतर काही स्नायू मेलेला नसतो, नुसता बधिर झालेला असतो आणि काही आठवड्यांत आपोआप चालायला लागतो. आकडा वर गेला तर मधल्या काळात घेतलेल्या कुठल्याही कॅप्सूलला त्याचं श्रेय मिळतं, ‘हिने बरा झालो’ असे अनुभव असेच तयार होतात. डॉक्टरांकडे जाताना क्रिएटिनिन आणि पोटॅशियमचे ताजे रिपोर्टही न्या.