ब्रोशरमध्ये 'प्रायव्हेट प्रोमनेड' लिहिलंय, म्हणजे नक्की काय? लवकर सांगा प्लीज

निशिगंध
नमस्कार, रविवारच्या आत टोकन द्यायचंय म्हणून घाईत लिहितेय. ब्रोशरमध्ये 'प्रायव्हेट प्रोमनेड' असं मोठ्या अक्षरात आहे आणि सेल्सवाला नुसतं मॅडम वॉकिंगला जागा, वॉकिंगला जागा एवढंच म्हणतो. म्हणजे मरीन ड्राइव्हसारखं काही की बागेतला जॉगिंग ट्रॅक? सासऱ्यांना रोज सकाळी चालावंच लागतं म्हणून विचारतेय, बाकी फ्लॅट पसंत आहे.

मुगभाट
निवांत पायी फिरण्यासाठी मुद्दाम केलेली रुंद, मोकळी जागा, बहुतेक वेळा पाण्याच्या कडेला. शब्द फ्रेंचमधून आलाय, फेरफटका या अर्थाने. मुंबईत मरीन ड्राइव्हचा समुद्राकडचा फुटपाथ हाच खरा नमुना, एनसीपीएपासून गिरगाव चौपाटीपर्यंत साडेतीन किलोमीटरच्या आसपास, बाजूला गाड्या धावतात पण चालणाऱ्याच्या वाटेत एकही गाडी नाही. आमच्या गिरगावात मात्र कोणीही प्रोमनेडला जातो म्हणत नाही, चौपाटीवर जाऊन येतो म्हणतात.

पाली_हिल_उतार
गिरगावात नसतील म्हणत, वांद्र्यात सर्रास म्हणतात. कार्टर रोड प्रोमनेड, बँडस्टँड प्रोमनेड, भाजीवालीसुद्धा असाच पत्ता सांगते. समुद्र नसेल तर तो प्रोमनेड नाही, साधा वॉकवे.

दादरचा_आबा
हे पटत नाही. शिवाजी पार्कच्या कट्ट्याभोवती रोज सकाळी शेकडो लोक फेऱ्या मारतात, तिथे कुठे समुद्र दिसतो? लोक एकमेकांना भेटत, बोलत, बसत चालतात ते महत्त्वाचं, पाणी असो वा नसो. लंडनला बीबीसीचे प्रॉम्स होतात ना, तेही प्रोमनेड कॉन्सर्टवरूनच, १८९५ पासून, तिकडे तर लोक उभं राहून संगीत ऐकतात.

सुलभा_के
उच्चार प्रॉमनाड असा आहे, शेवटी 'नाड'. ब्रिटिश इंग्लिशमध्ये असाच करतात.

मुगभाट
अमेरिकेत 'नेड' म्हणतात आणि मुंबईतही तेच रुळलंय. ताईंना टोकन द्यायचंय, उच्चाराचं राहू द्या.

वरळीकर७
सासऱ्यांसाठी विचारताय तर कोस्टल रोडचा प्रोमनेड बघा. एकूण साडेसात किलोमीटरचा आहे, त्यातला बराच भाग ऑगस्ट २०२५ मध्ये उघडला, जायला रस्त्याखालून पादचारी भुयारं आहेत, वारा मस्त. वरळी सीफेसवर चालणारे आमचे बरेच जण तिकडेच जायला लागलेत.

निशिगंध
अहो पण मी फिरायला कुठे जाऊ हे विचारलंच नाहीये! बिल्डिंगमधल्या प्रोमनेडचं विचारलंय. समुद्र वगैरे काही नाही, वडाळा आहे.

पाली_हिल_उतार
हे पहिल्याच पोस्टमध्ये लिहायला हवं होतं. वडाळ्यात कुठे, स्टेशनकडे की खाडीकडे? आणि प्रोमनेड पोडियमवर, म्हणजे पार्किंगच्या वरच्या गच्चीवर, आहे की जमिनीवर?

निशिगंध
खाडीकडे. मागे तिवरं आहेत, वरच्या मजल्यावरून खाडी दिसते. ब्रोशरच्या चित्रात झाडं, बाकं, दिवे आणि पाण्याच्या कडेने चालणारी माणसं आहेत. पोडियम की काय ते लिहिलेलं नाही.

सर्व्हे_नंबर
आता कळलं. चित्रातला प्रोमनेड पाण्याच्या कडेला दाखवलाय आणि मध्ये तिवरं आहेत, तर तिथे तो होणं अवघड आहे. तिवरांच्या भोवती ५० मीटरमध्ये बांधकामाला हायकोर्टाची मनाई आहे, २००५ पासून. जे होईल ते कंपाउंडच्या आत होईल, आणि आत बऱ्याचदा फायर इंजिनसाठी मोकळी ठेवलेली पट्टी असते, तिलाच फरशी लावून छान नाव देतात. प्रोमनेड ही नकाशावर मंजूर होणारी गोष्ट नाही. महारेराच्या, म्हणजे बिल्डरांवर देखरेख ठेवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाच्या, साइटवर प्रोजेक्टचा नंबर टाका आणि मंजूर लेआउट उघडा, तिथे रिक्रिएशन ग्राउंड, म्हणजे खेळायला-फिरायला राखलेली मोकळी जागा, कुठे आणि किती ते दिसेल. सासरे चालणार ते तिथेच.

दादरचा_आबा
एवढी शंका कशाला, टोकन द्या आणि मग बघा, नाही आवडलं तर पैसे परत मिळतात. माझ्या भाच्याला मिळाले.

सर्व्हे_नंबर
आबा, असं सांगू नका हो, टोकन परत घेताना लोकांच्या चपला झिजतात. ताई, नोंदणीकृत अ‍ॅग्रीमेंटआधी किमतीच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त घ्यायला रेरा कायद्याच्या कलम १३ ची बंदी आहे. कलम १२ मध्ये जाहिरातीतल्या खोट्या माहितीवर विसंबून आगाऊ पैसे दिले आणि नुकसान झालं तर भरपाईची तरतूद आहे. म्हणून ब्रोशर जपून ठेवा आणि सेल्सवाल्याला ईमेल करा: प्रोमनेड किती रुंद, किती लांब, त्यावरून गाड्या जाणार का, आणि हे अ‍ॅग्रीमेंटच्या सुविधांच्या यादीत येणार का. फोनवर नको, लेखी.

पाली_हिल_उतार
गाड्यांचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. वयस्कर माणसाला चालताना मागून गाडी येतेय का हे सारखं बघावं लागत असेल तर त्याला मोकळं चालणं म्हणायचं कसं.

निशिगंध
लेआउट उघडला. प्रोमनेड हा शब्दच नाही. चित्रात जिथे बाकं दाखवलीत तिथे सहा मीटरचा ड्राइव्हवे लिहिलाय, आणि रिक्रिएशन ग्राउंड मागच्या कोपऱ्यात आहे, त्याला जायला ड्राइव्हवे ओलांडावा लागतो. ईमेल पाठवला. लेखी उत्तर आल्याशिवाय टोकन नाही असं यांनाही सांगितलं, यांना पटलं नाहीये पण सासरे माझ्या बाजूने आहेत.

वरळीकर७
बरोबर केलंत. आम्हीही वडाळ्यातच बघतोय, कोणता प्रोजेक्ट?

निशिगंध
नाव इथे नको, व्यक्तिगत निरोप पाठवते.