लालबाग सोडून पेणला आलो, रोज गाडीने प्रभादेवीच्या ऑफिसला. बरोबर केलं की चूक?

लालबाग_ते_पेण
मागच्या पाडव्याला आम्ही लालबाग सोडलं आणि पेणला राहायला आलो. तेव्हापासून नातेवाईक, ऑफिसातले, चाळीतले सगळे एकच विचारतात की अरे लोक गावाकडून मुंबईत येतात आणि तू उलटा कुठे निघालास. म्हणून एकदाच सविस्तर लिहितो, चुकलंय असं वाटलं तर बिनधास्त सांगा.

चाळीतली खोली १८० फुटांची, त्यात आई, आम्ही दोघं, दोन मुलं आणि धाकटा भाऊ. भावाचं लग्न ठरलं तेव्हा कुणीतरी बाहेर पडणं भागच होतं. ठाणे, डोंबिवली, पनवेल सगळीकडे फिरलो. ठाण्याला वन बीएचकेचा जो भाव सांगत होते त्यात पेणला टू बीएचके आला आणि वर गाडीचं डाऊन पेमेंट सुटलं. आईचे गुडघे गेलेत, चाळीत तिसरा मजला आणि संडास कॉमन. रात्री उठायला लागू नये म्हणून ती संध्याकाळी सहानंतर पाणीच पीत नव्हती, हे आम्हाला इतकी वर्षं माहीतच नाही. पेणला आल्यावर एकदा रात्री जेवताना तिने तांब्या अख्खा संपवला आणि म्हणाली, आता जवळच आहे ना रे.

रोजचं सांगतो. सकाळी सहा वीसला निघतो, हमरापूर, खारपाडा, कर्नाळा, पळस्पे, मग जेएनपीटी रोडने चिर्ले आणि तिथून समुद्रावरच्या अटल सेतूने शिवडी. सकाळी एक तास चाळीस मिनिटं धरा, संध्याकाळी सव्वादोन तास. जानेवारी २०२४ ला सेतू सुरू झाला नसता तर हा विचार मी केलाच नसता, वाशी मानखुर्द करत रोज जाणं माझ्याच्याने झालं नसतं. आधी ऑफिस चालत वीस मिनिटांवर होतं हे मान्य. पण घरातली पाच माणसं नीट राहतायत आणि त्यासाठी मी एकटा चार तास देतोय, माझ्या मते हा सौदा बरोबर आहे.

हिशेबनीस
दादा भावना समजतो पण जरा आकडे मांडू. पेण ते प्रभादेवी साधारण ७० किमी म्हणजे जाऊन येऊन १४०. सीएनजी गाडी किलोला २४ देते धरली तर रोज पावणेसहा सहा किलो, ८० रुपयाने साडेचारशेच्या पुढेच. त्यात सेतूचा टोल, कारला एका फेरीचे २५० आणि रिटर्न ३७५. मासिक पास १२,५०० चा आहे तो घेऊ नका, महिन्याला २२ दिवस जाणाऱ्याला रिटर्नच स्वस्त, ८,२५० होतात. गॅस आणि टोल मिळूनच साडेअठरा हजार झाले, पार्किंग वेगळं. आणि महिन्याला तीन हजार किमी म्हणजे वर्षाला सदतीस हजार, टायरचा सेट वर्ष सव्वा वर्षात बदलायला येणार, सर्व्हिसिंग दर तीन चार महिन्यांनी. पाच वर्षांनी त्या गाडीला विकत कोण घेणार? घरात जे वाचवलं ते रस्त्यावर चाललंय. याच हप्त्यात पनवेलला जरा लहान घर बसलं असतं.

लालबाग_ते_पेण
हिशेब बरोबर आहे तुमचा, माझा बावीस हजारापर्यंत जातो सगळं धरून. पण मुंबईत टू बीएचकेचं भाडं यात येतं का सांगा. ऑफिसचं पार्किंग फुकट आहे आणि एक सहकारी उलव्याला चढतो तो महिन्याला अडीच हजार देतो. शिवाय ऑगस्ट २०२५ पासून अटल सेतूवर इलेक्ट्रिक गाडीला टोल माफ केलाय सरकारने, ही गाडी फिटली की तिकडेच जायचा विचार आहे.

नेरळचा_मधला_डबा
माझा धागाकर्त्यांना पूर्ण पाठिंबा. मी नेरळहून लोकलने पंधरा वर्षं करतोय. ९ जून २०२५ ला दिवा मुंब्र्याच्या मध्ये चालत्या लोकलमधून माणसं पडली, त्या दिवशी मी तासाभराने त्याच रुळांवरून गेलो, डब्यात कुणी कुणाशी बोलत नव्हतं. घरी बायकोने सतरा फोन केले होते. ज्याला परवडतं त्याने गाडीने जावं, दरवाज्यात लटकून जाण्यात कसला आलाय मुंबईचा अभिमान. निदान सीटवर बसून, अंग शाबूत ठेवून घरी पोचतो माणूस.

रात्रपाळी
अंग शाबूत म्हणताय म्हणून लिहितो. मी खोपोलीहून सीवूड्सला दोन वर्षं गाडी चालवली. भीती ट्रॅफिकची वाटायची पण धोका मोकळ्या रस्त्यावर निघाला. बंपर टू बंपर असताना माणूस जागा असतो, शिव्या देतो, हॉर्न मारतो. रस्ता सरळ, गुळगुळीत आणि रिकामा झाला की थकलेलं शरीर आपला हिशोब चुकता करतं. एका सकाळी डोळे उघडेच होते असं मला आजही वाटतं पण कडेच्या पांढऱ्या पट्टीवर टायर गेले, ती घर्रर्र अशी थरथर स्टिअरिंगमधून हातात आली तेव्हा कळलं की मधला एक सेकंद माझ्याकडे नाहीये. गाडी बाजूला घेतली आणि रडलो. पुढच्या महिन्यात नोकरी बदलली, पगार कमी घेतला.

तुम्ही सेतूवर रोज जाता, २१.८ किमी, त्यातले साडेसोळा समुद्रावर, ना सिग्नल ना वळण ना टपरी, लिमिट १०० ची. तुम्हाला किती तास झोप मिळते ते लिहिलं नाहीत. पावणेनऊला घरी, जेवण, मुलं, आणि पहाटे पाचला उठणं. हे पहिलं सांगा, बाकी टोल बिल नंतर.

लालबाग_ते_पेण
साडेपाच तास. कधी पाच. खोटं बोलत नाही. उलवेवाला बरोबर असतो तेव्हा गप्पा होतात पण तो निम्म्या दिवशीच येतो.

हार्बरवाला
मग तुम्ही पनवेलचा विचार का करत नाही? गाडी पनवेल स्टेशनला लावा, पेणहून सकाळी पाऊण तासात याल. हार्बर लोकल तिथूनच सुटते म्हणजे खिडकीशी बसायला मिळतं, आणि थेट शिवडीला उतरता. तास सव्वातास डोळे मिटून बसा. तुमची साडेपाच तासाची झोप तिथे पुरी होईल आणि टोल शून्य. येताना तेवढी मारामारी आहे, नाही म्हणत नाही, पण वाशीनंतर गाडी मोकळी होते.

तसाही सेतू तुम्हाला शिवडीपर्यंतच आणतो ना. पुढे शिवडी वरळी कनेक्टरचं काम, त्यात सप्टेंबर २०२५ मध्ये प्रभादेवीचा जुना पूल पाडायला बंद केला. समुद्र पंधरा मिनिटांत ओलांडायचा आणि करी रोडच्या पुलावर तेवढाच वेळ उभं राहायचं. सगळे एकेकटे गाडीत बसून शहरात उतरले तर ही चार किलोमीटर कुणालाच सुटणार नाहीत. मला वैयक्तिक तुमचा राग नाही पण हजारो कोटींचे पूल गाडीवाल्यांसाठी होतात आणि पनवेलला अजून एक फलाट मागितला की वर्षं जातात, याचा आहे.

लालबाग_ते_पेण
पनवेलचं करून बघितलं एक महिना. दारापासून दारापर्यंत अडीच तास झाले, परत येताना तीन. आणि लोकल चुकली की सगळंच चुकलं. पण तुम्ही आणि रात्रपाळी म्हणताय त्यात दम आहे, आठवड्यातले दोन दिवस तरी तसं करीन.

खारेपाट
मी पेणचाच, शिर्कीकडचा. इतका वेळ वाचतोय, सगळी चर्चा तुमच्या टोलची, तुमच्या झोपेची, तुमच्या पुलाची. ज्या गावात तुम्ही राहायला आलात त्याचं नाव फक्त पत्त्यापुरतं येतंय म्हणून राहवलं नाही.

हेटवणे धरण आमच्या तालुक्यात. पाणी सिडकोकडे नव्या मुंबईत जातं आणि आमच्या खारेपाटात, म्हणजे खाडीकाठच्या गावांत, उन्हाळा लागला की बाया हंडे घेऊन टँकरकडे डोळे लावून असतात. माझी आई साठ वर्षं हेच बघतेय. तुमच्या सोसायटीच्या ब्रोशरमध्ये चोवीस तास पाणी लिहिलेलं असेल, ते कुठून येतं विचारलंत का कधी बिल्डरला? २००८ साली सेझसाठी, म्हणजे विशेष आर्थिक क्षेत्रासाठी, जमिनी जाणार होत्या तेव्हा याच हेटवणेच्या लाभक्षेत्रातल्या २२ गावांनी सेझ हवा की नको यावर मतदान केलं होतं, मी तेव्हा वडिलांना सायकलवर डबलसीट केंद्रावर नेलं होतं. आता सेतू झाला आणि एमएमआरडीएचं कर्नाळा साई चिरनेर नवनगर आलं, उरण पनवेल पेण मिळून १२४ गावं त्यात. रोज नवीन एजंट बांधावर उभा. माझ्या पुतण्याला पेण शहरात लग्नानंतर फ्लॅट बघायचा होता, भाव ऐकून परत गावात आला. म्हणजे तुम्ही लालबागला ज्या कारणाने घर घेऊ शकला नाहीत तेच कारण तुमच्या पाठोपाठ सेतूवरून आमच्याकडे आलं.

आणि मुंबई गोवा हायवे. २०११ पासून रुंदीकरण चालूच आहे, आमची किती माणसं त्यात गेली. तुम्हाला शुक्रवारी संध्याकाळी अलिबागवाल्यांच्या गर्दीत पळस्पे ते खारपाडा तास लागला तर त्रास होतो, आमची तर रुग्णवाहिका अडकते त्यात.

लालबाग_ते_पेण
खारेपाट दादा, तुमचं वाचून जेवण गेलं नाही. पाण्याचं मी खरंच विचारलं नव्हतं. पण एक सांगतो, मी दुसरं घर घेतलेलं नाही, वीकेंडला येऊन एसी लावून जाणारा नाहीये. मुलं पेणच्या शाळेत जातात, आई इथल्याच डॉक्टरकडे जाते, मतदारयादीत नावं इथे बदलून घेतली. गिरणगावातल्या माणसाने जायचं कुठे? आमच्या चाळीसमोर टॉवर झाला त्यात आमच्यातलं कोण राहायला गेलं?

कर्जतवाली
मी एक विचारू? माझे मिस्टर कर्जत ते पवई गाडीने सात वर्षं करतायत त्यामुळे हक्काने विचारते. तुम्ही पहिल्याच पोस्टमध्ये लिहिलंत की "मी एकटा चार तास देतोय". एकटे नाही देत हो दादा. आमच्याकडे शाळेची मीटिंग मी, सासऱ्यांना रात्री दम लागला तर रिक्षा शोधायला मी, गॅस संपला मी, लाईट गेली मी. मुलगा दुसरीत असताना त्याने चित्र काढलं होतं, माझं घर म्हणून, त्यात आजोबा होते, मांजर होतं, मी होते आणि बाबांच्या जागी नुसती गाडी. मिस्टरांनी ते पाकिटात ठेवलंय. ते वाईट नाहीत, ते दमतात. रविवारी दुपारी जेवून झोपले की उठवायचा धीर होत नाही.

घर मोठं झालं, हवा चांगली आहे, मी नाही म्हणत नाही. पण तुमचं सगळं वाचलं, आई आली, भाऊ आला, मुलं आली. वहिनी कुठेच नाहीत. त्या लालबागला काही करत होत्या का?

लालबाग_ते_पेण
ताई, काल रात्री हा सगळा धागा तिला वाचायला दिला. तिचं चिवडा गल्लीच्या जवळ फॉल पिकोचं काम होतं, अकरा वर्षं. मशीन खोलीतच होती, पायऱ्यांवर बायका साड्या घेऊन बसायच्या, गणपतीच्या आधी तर तिला मान वर करायला वेळ नसायचा. मशीन पेणला आणली आहे, हॉलमध्ये आहे, वर टीव्हीचा रिमोट आणि मुलांची दप्तरं असतात. मी तिला विचारलं की तुला चुकलं असं वाटतं का. ती म्हणाली आई पाणी पितात हे बघून मला बरं वाटतं, पण इथे मला नावाने हाक मारणारं कुणी नाही, सगळ्या मला चौथ्या मजल्यावरची म्हणतात. मी घर बघताना पाण्याचं विचारलं नाही तसं तिच्या कामाचंही विचारलं नव्हतं. खरं म्हणजे तिला काय वाटतं हे विचारल्याचंच मला आठवत नाहीये.

कर्जतवाली
हे लिहिलंत ते फार बरं केलंत. त्यांना माझा नमस्कार सांगा.

खारेपाट
माझं मत आहे तेच आहे, पाण्याचं आणि जमिनीचं भांडण मी सोडणार नाही आणि तुम्ही आता इथले मतदार आहात तर ग्रामसभेला, मोर्चाला दिसा. पण वहिनींचं वाचलं म्हणून. हमरापूर, जोहे, कळवे या बाजूला गणपतीचे कारखाने आहेत हे रोज जाता येता बघत असाल. हल्ली मूर्तीला कापडी धोतर आणि फेटा मागतात लोक, त्याला शिवणातला हात लागतो, काठ सरळ बसला पाहिजे, निरी सुटता कामा नये. माझ्या बहिणीच्या कारखान्यात सहा बायका आहेत आणि पाडव्यानंतर काम वाढतं. मशीन चालवणारी मिळत नाही म्हणून ती कालच कुरकुरत होती. वहिनींना चालणार असेल तर व्यक्तिगत निरोप करा, रविवारी सकाळी दहानंतर बहीण कारखान्यातच असते. आणि तुम्ही सोडायला जाऊ नका, झोपा. पेणच्या एसटी स्टँडवरून सहा आसनी मिळते.