एका मुलीसाठी अख्ख्या वर्गात दाणे बंद करायचे का?

कूटाविना_स्वयंपाक:
लेक चार वर्षांची, छोट्या शिशुत. दीड वर्षाची असताना चिमूटभर दाण्याच्या चटणीने ओठ सुजले, अंगभर गांधी, उलटी, मग घरघर. तेव्हापासून घरात शेंगदाणा नाही. गेल्या आठवड्यात वर्गात वाढदिवसाची चिक्की वाटली. बाईंनी वेळेत हातातून काढून घेतली म्हणून निभावलं. मी म्हटलं, या एका वर्गात दाणे नकोतच. पालक तुटून पडलेत. अती करतेय का मी?

दोघांचा_बाबा:
राग मानू नका, पण हो. आपल्याकडे दाणा कशात नसतो? पोहे, कोशिंबीर, भरली वांगी, गवारीची भाजी. चतुर्थीला अर्ध्या घरांत खिचडी. सगळ्यांनी रोज कूट टाळायचं आणि एक घर विसरलं की संपलं. शिवाय 'आपल्याकडे दाणे नाहीतच' म्हणून बाई निर्धास्त होणार, ते जास्त धोक्याचं. मुलीला डब्याच्या वेळी वेगळं बसवा.

कूटाविना_स्वयंपाक:
बसवलं दोन दिवस. तिसऱ्या दिवशी तिने डबा उघडलाच नाही.

साताऱ्याचा:
आई म्हणते, कणकण चाटवत राहा, सवय होते. लंडनच्या २०१५च्या अभ्यासातही तेच निघालं ना?

वॉर्डातली_ताई:
अजिबात नाही! तो अभ्यास ४ ते ११ महिन्यांच्या बाळांवर होता. ॲलर्जी व्हायच्या आधीच दाणे सुरू केले तर ती टळते का, हे बघायला. दाण्याच्या ॲलर्जीची चाचणी आधीच जोरात आलेली बाळं त्यात घेतलीच नव्हती. झालेल्या ॲलर्जीवर घरी चाटवायचं नाही. तुमच्या आईंनाही नीट समजावा.
बाबांचं निम्मं पटतं. बंदी असो-नसो, डब्यानंतर सगळ्यांचे हात साबणाने धुवा, सॅनिटायझरने दाण्याचा अंश जात नाही. पण चार वर्षांची पोर चिक्कीला नाही म्हणेल? इथे मोठी माणसं लग्नात जिलबी बघून डायबिटीस विसरतात.
शाळेत औषध काय ठेवलंय?

कूटाविना_स्वयंपाक:
ॲलर्जीचं सिरप.

वॉर्डातली_ताई:
त्याने खाज, गांधी कमी होतील. श्वास अडकला तर ॲड्रेनालिनचं इंजेक्शनच लागतं, मांडीच्या बाहेरच्या बाजूला, आणि लगेच दवाखाना. त्याचं आधीच भरलेलं, पेनासारखं तयार इंजेक्शन आपल्याकडे सहजी मिळत नाही. डॉक्टरांकडून वजनाप्रमाणे डोस लिहून घ्या, सिरिंज भरायला शिका. शाळेत ते टोचायला कोण तयार आहे, हे आधी विचारा. मी असते तर दाण्यांपेक्षा यासाठी भांडले असते.

दोघांचा_बाबा:
हे आम्हाला कुणी सांगितलंच नाही, ग्रुपवर फक्त 'खिचडी बंद' आलं. वाटायचा खाऊ बंद करा, माझा पाठिंबा. सुट्या लाडूत काय आहे कळत नाही, पाकिटावर निदान शेंगदाणा लिहावा लागतो. त्यापेक्षा पेन्सिली वाटा. घरचा डबा मात्र ज्याचा त्याचा.

कूटाविना_स्वयंपाक:
घरच्या डब्यातली खिचडीच शेजारच्या बाकावर सांडते, बाबा. ती मागणी सोडत नाही. इंजेक्शनचं मात्र उद्याच बाईंशी बोलते.