मदत हवी आहे: विश्वाच्या वयाचा हिशेब जुळेना

नमस्कार मंडळी. खानापूरजवळच्या गावात मी दहावीच्या मुलांची शिकवणी घेते. काल एकीने विचारलं, "बाई, विश्वाचं वय कुणी मोजलं?" विश्वाच्या प्रसरणाचा दर उलटा केला (म्हणजे १ ला त्या दराने भागलं) की अंदाजे वय मिळतं, म्हणून फळ्यावर गणित मांडलं. प्रत्येक मेगापार्सेक, म्हणजे ३२.६ लाख प्रकाशवर्षं, अंतरामागे दूर जाण्याचा वेग सेकंदाला ६७ किमी धरला तर सुमारे १४६० कोटी वर्षं येतात, ७३ धरला तर १३४० कोटी. पुस्तकात मात्र १३८० कोटी! प्रसरण आधी गुरुत्वामुळे मंदावत होतं, नंतर वेगावलं, एवढं मला ठाऊक आहे. पोरांना बेळगावहून येणाऱ्या बसचं उदाहरण द्यावं म्हणते: आत्ताच्या वेगावरून ती किती वाजता सुटली ते काढायचं, पण वाटेत वेग बदलला असेल तर? हे उदाहरण कुठे फसतं का? आणि वेग बदलल्यामुळे करावी लागणारी दुरुस्ती दहावीच्या गणितात बसवून दाखवता येईल का? शनिवारी पुन्हा वर्ग आहे, कृपया सांगा.